माटोळीखालची गोष्ट

गणेशचतुर्थीला गोमंतकात ‘चवथ’ म्हणतात, हे वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. एरवी कुलूपबंद असणारी मूळ घरे त्या दिवशी उघडतात आणि चहूकडे पांगलेले भाऊबंद गावाची वाट धरतात. आमच्या धारगळच्या घरीही हाच शिरस्ता आहे. साऱ्या घराण्याचा गणपती एकच, आणि तो मूळ घरीच. १९९८ साली कोकण रेल्वे सुरू झाली. २०२३ च्या जानेवारीपासून शेजारच्या मोप्याला विमाने उतरू लागली. सकाळी मुंबई सोडलेला पुतण्या आता दुपारच्या पंक्तीला पानावर असतो. अंतर उरले नाही. परंतु मनुष्य पोहोचला म्हणजे भेट झाली, असे मात्र नव्हे.

गणपतीच्या माथ्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळे, शेंगा, वेली, सुपारीचे घोस बांधावयाचे, तिला आमच्याकडे माटोळी म्हणतात. अलीकडे तिचे बरेचसे सामान म्हापशाच्या बाजारात विकत मिळते. आमच्या थोरल्या काकांना तो कमीपणा वाटे. ऐंशी उलटल्यावरही ते पोरांना हाताशी घेऊन आंबाडे, तोरिंगण, कवंडळ स्वतः गोळा करवीत.

दोन वर्षांपूर्वीच्या चवथीची गोष्ट. काका खाली बसून कवंडळाच्या देठाला सुंभ गुंडाळीत होते. आम्ही जवळच होतो. ‘हे कवंडळ आपल्या घरी एकाच घळीतून आणायचे, असे बाबांनी का ठरवले, ठाऊक आहे?’ असे त्यांनी विचारले. आमच्या हाती मोबाइल होता आणि त्यावर कसलीशी ताजी बातमी क्षणाक्षणाला वाढत होती. आम्ही म्हणालो, ‘काका, एवढे पाहून घेतो.’

‘बरें, मागीर,’ ते म्हणाले, आणि पुन्हा गाठ मारू लागले.

ते ‘मागीर’ आले नाही. पाच दिवस घर माणसांनी भरलेले, त्यात ती गोष्ट राहून गेली. मार्गशीर्षात काका गेले. वर्गात मुलांनी लक्ष द्यावे म्हणून तीस वर्षे घसा कोरडा करणाऱ्या आमच्यासारख्या शिक्षकाने, घरच्या एकुलत्या एका जाणत्याला थांबावयास सांगितले! आणि ती बातमी कोणती होती, हे पुष्कळ आठवूनही आज आठवत नाही.

बातमी तुच्छ आहे, असे आमचे म्हणणे नाही. गोमंतकीय मनुष्य तसे म्हणूच शकणार नाही. १९५५ च्या नोव्हेंबरपासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेवरच्या रानातून गुप्त नभोवाणी चालविली. पोर्तुगीज राजवटीत जी वार्ता दडपली जाई, ती तिने १९६१ च्या मुक्तीपर्यंत लोकांना ऐकविली. ते दोघे रानात राहिले, ते लोकांना सत्य कळावे म्हणून. आमच्या लहानपणीही सकाळी आकाशवाणीच्या बातम्या लागत. त्या संपल्या की वडील रेडिओ बंद करीत आणि मग ओसरीवर तासभर त्यांचा काथ्याकूट चाले. बातमीला वेळ ठरलेली होती आणि तिच्यानंतर माणसांची पाळी होती. आता तिला आरंभ नाही, अंत नाही. म्हणून माणसांची पाळीच येत नाही. शिवाय जगाची चिंता वाहिल्याचे एक खोटे समाधान तीतून मिळते. त्या समाधानात शेजारी बसलेल्याची विचारपूस राहून जाते.

यंदा आम्ही कोणासही उपदेश केला नाही. वर्तमानपत्र सकाळी वाचले, आणि आमचा स्वतःचा मोबाइल कपाटात ठेवून दिला. पहिल्या दिवशी हात उगाच खिशाकडे जाई. दुसऱ्या दिवशी आत्याजवळ बसलो आणि घळीविषयी विचारले. कारण तिलाही ठाऊक नव्हते. मात्र लहानपणी ती काकांबरोबर तेथे जात असे आणि वाटेत एक ओहोळ लागे, एवढे तिला स्मरत होते. तेवढ्या खुणेवर पोरे गेली. कवंडळ मिळाले नाही. कोणाचा पाय चिखलात रुतला, कोणाला खाजकुयली लागली, आणि रात्री आरतीनंतर त्या फजितीच्या वर्णनाने आत्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिला आणखी दोन गोष्टी आठवल्या. त्या आम्ही वहीत उतरून घेतल्या आहेत.

माटोळीतले कवंडळ यंदा बाजारातले होते. आजोबांनी तीच घळ का निवडली, हे आता कोणी सांगणार नाही.

वाचकहो, आपण इंदूरला असा, बडोद्याला असा की हुबळीला. आपल्याही घरी महालक्ष्म्यांना वा कुळधर्माला चार माणसे जमत असतील. त्यांत कोणी वृद्ध सुंभ गुंडाळता गुंडाळता, वाती वळता वळता काही सांगू लागले, तर त्यांना ‘थांबा’ म्हणू नका. बातम्या थांबू शकतात.