लक्षण कोणतें धरावें?

गेल्या मार्गशीर्षांत नातवास घेऊन आम्ही गांवच्या देवराईंत गेलों होतों. करवंदीच्या जाळीवर चिमणीहून किंचित् लहान, निळ्या पाठीचा व नारिंगी छातीचा पक्षी बसला होता. पाहतां पाहतां त्यानें हवेंतला किडा टिपला. ‘हा टिकेलचा माशीमार,’ असें आम्हीं मास्तरी थाटांत सांगून टाकलें व नातवानें तें वहींत टिपलें. मग तो हळूच म्हणाला, ‘आजोबा, पण ह्याचा गळा निळा दिसतो हो!’ आम्हीं निरखून पाहिलें. मुलाचें म्हणणें खरें होतें. तो निळ्या गळ्याचा माशीमार होता.

‘जिला शिंगें ती गाय’ म्हटलें, तर म्हैसही गाय ठरते. न्यायशास्त्रांत ह्या दोषास अतिव्याप्ति म्हणतात. आमच्या हातून तोच दोष घडला. निळी पाठ व नारिंगी छाती हीं ह्या दोन्ही जातींच्या नरांस समानच असतात. मात्र टिकेलचा गळाही नारिंगी असतो, आणि तो रंग खालीं पांढऱ्या पोटाशीं जणूं रेघ ओढल्यासारखा थांबतो.

मग ‘नारिंगी गळ्याचा तो टिकेल’ एवढें लक्षण पुरे काय? तेंही नाहीं. निळ्या गळ्याच्या जातींतील मादीचा गळा नारिंगीच असतो. परंतु तिची पाठ तपकिरी. टिकेलची मादी रंगानें फिकी, तरी पाठीनें निळसरच. सारांश, पाठ व गळा हीं दोन्ही एकत्र पाहिल्यावांचून निर्णय देऊं नये.

ऋतूचीही साक्ष काढावी. टिकेल हा आपल्याकडील बारमाही रहिवासी. झाडाच्या ढोलींत किंवा दरडीच्या कपारींत तो घरटें करतो. दुसरा हिमालयांत वीण उरकून केवळ हिवाळ्यापुरता दक्षिणेस येतो. तेव्हां वैशाख-ज्येष्ठांत येथें ह्या दोहोंपैकीं एकाचें घरटें आढळलें, तर तें टिकेलचेंच समजावें. मार्गशीर्षांत मात्र दोघेही भेटण्याचा संभव. आम्हीं अधिक सावध असावयास हवें होतें.

एडवर्ड ब्लाइथ ह्यांनीं १८४३ सालीं ह्या पक्ष्यास टिकेलचें नांव दिलें. तें भलत्याच पक्ष्यास देण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला नव्हता! घरीं येतांच नातवाच्या वहींतील तें नांव आम्हीं स्वतः तांबड्या शाईनें खोडलें. आयुष्यभर मुलांच्या वह्यांवर चाललेला हात त्या वेळीं क्षणभर अडखळला, हें कबूल केलें पाहिजे.