व्याप्ती कोणी ठरवायची?

सरकारी संगणकीकरण फसले की दोष सॉफ्टवेअरच्या माथी मारण्याची आपल्याकडे रीत आहे. माझ्या मते पुष्कळदा ते निविदेतच फसलेले असते. कारण कामाची व्याप्ती विभागाने स्वतः ठरविलेलीच नसते. सल्लागार नेमला जातो, तो अन्य राज्याची निविदा समोर ठेवून शे-दोनशे पाने भरतो आणि शेवटी एक वाक्य घालतो: "विभाग वेळोवेळी सांगेल ती इतर सर्व कामे."

अधिकाऱ्यांना हे वाक्य चिलखतासारखे वाटते. वस्तुतः आपल्याला नेमके काय हवे हे ठाऊक नसल्याची ती लेखी कबुली असते. कंत्राटदार एकतर या अनिश्चिततेची किंमत दरात धरतो, किंवा कमी दराने काम मिळवून पुढे प्रत्येक बदलासाठी भांडतो. दोन्ही परींनी पैसा जनतेचाच जातो.

याउलट पासपोर्ट सेवा प्रकल्प पाहावा. परराष्ट्र मंत्रालयाने २००८ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसशी करार केला. केंद्राची व्यवस्था, संगणक प्रणाली, अर्जदाराचे छायाचित्र व बोटांचे ठसे घेणे ही कामे कंपनीकडे गेली. कागदपत्रांची पडताळणी आणि पासपोर्टची मंजुरी सरकारी अधिकाऱ्यांकडेच राहिली. पोलिस पडताळणी राज्यांच्या पोलिसांची. सीमारेषा अशी आखलेली असली की विलंब नेमका कोठे होतो हे दिसते आणि जाब योग्य माणसाला विचारता येतो.

यावर आक्षेप ठरलेला असतो: अधिकाऱ्याला तंत्रज्ञान कळत नाही आणि दोन-तीन वर्षांत त्याची बदली होते. परंतु अर्ज कोणी तपासावा, कोणता दाखला अनावश्यक आहे, हे प्रशासनाचे प्रश्न आहेत. त्यांत तंत्रज्ञान कोठे आले? आणि बदली होते म्हणूनच तर हे निर्णय कागदावर हवेत.

तेव्हा निविदेपूर्वी विभागप्रमुखाने स्वतः चार गोष्टी लिहाव्यात:

१. प्रकल्पात कोणती कामे येतात.
२. कोणती येत नाहीत.
३. कोणता निर्णय कोणता अधिकारी घेईल.
४. जुनी नोंदवही कोणत्या तारखेला बंद होईल.

चौथी बाब हमखास विसरली जाते. मग कारकून तीच नोंद वहीत आणि संगणकात अशी दोनदा करतो, दोन्ही नोंदी जुळत नाहीत, आणि त्या जुळेपर्यंत नागरिकाने हेलपाटे घालायचे.

ज्याला हे चार मुद्दे लिहिता येत नाहीत, त्याने निविदा काढू नये.