बांधावरचा पायी प्रवासी

बालमित्रांनो, ओळखा पाहू! सहा पाय, काळंकुट्ट अंग, पाठीवर सहा पांढरे ठिपके. पंखांचं कवच आहे, पण उडता मात्र येत नाही!

हा आहे सहा ठिपक्यांचा भुंगेरा. शास्त्रीय नाव ॲन्थिया सेक्सगटाटा. आपल्याकडच्या कोरड्या, झुडपी माळरानावर तो आढळतो. जमिनीवर पळत किडे पकडतो नि खातो. डिवचलं तर आम्लाची पिचकारी सोडतो! डोळ्यांत गेली तर फार झोंबते. म्हणून बघायचं, पण लांबूनच, बरं का!

आता विचार करा. न उडणाऱ्या भुंगेऱ्याला या माळावरून त्या माळावर जायचं असेल, तर? पायीच जावं लागणार. मग तो जातो तरी किती लांब?

जर्मनीतल्या मादर नावाच्या शास्त्रज्ञाने हेच शोधलं. जंगलातले भुंगेरे पकडून त्यांच्या पाठीवर खुणा केल्या, सोडून दिले आणि पुन्हा कुठे सापडतात ते पाहिलं. 1984 साली त्याने हा अभ्यास प्रसिद्ध केला. भुंगेरे जंगलात भरपूर फिरत होते. पण मधला डांबरी रस्ता ओलांडणारे फारच थोडे निघाले. पायांत बळ नव्हतं असं नाही. उघड्या रस्त्यावर ना गवत, ना पालापाचोळा, ना सावली!

त्यात बिघडलं काय, असं वाटेल. पण दोन्ही बाजूंचे भुंगेरे एकमेकांना भेटले नाहीत, तर एकाची दोन छोटी वस्ती होतात. एका बाजूला वणवा लागला, तिथले सगळे संपले, तर दुसरीकडून येणार कोण? इटलीत आल्प्स पर्वताच्या एका लहानशा भागातच राहणारा काराबस ऑलिम्पी हा न उडणारा भुंगेरा आज धोक्यात आहे. तो असा संपला, तर बाहेरून नवा येणार नाही.

आता आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला चला. पाऊस कमी, डोंगर उघडे. 1990च्या दशकात पोपटराव पवार सरपंच असताना गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, श्रमदान केलं, डोंगरउतारावर चर खणले. गवत कापून न्यायचं, पण गुरं मोकाट सोडायची नाहीत! हे सारं केलं पाण्यासाठी आणि चाऱ्यासाठी. पण उतारावर गवत टिकलं, की जमिनीवरून चालणाऱ्या बारक्या जिवांनाही आडोसा मिळतो.

डोंगर हिरवा झाला, तरी खाली शेतं असतात. तिथे भुंगेऱ्याचा रस्ता म्हणजे गवताळ बांध! इंग्लंडमध्ये तर काही शेतकरी शेताच्या मधोमध मुद्दाम मातीचा बांध घालून गवत वाढवतात. थंडीत भुंगेरे तिथे दडतात नि पुढे पिकावरचा मावा खातात. आपल्याकडे बांध आयते आहेत. पण आपण ते कोरून शेतात घेतो, नाहीतर पेटवून देतो.

तर या रविवारचा गृहपाठ! आई-बाबांना घेऊन माळापासून ओढ्यापर्यंत बांधाबांधाने चाला. बांध कुठे तुटलाय, कुठे जळलाय, ते वहीत नकाशा काढून दाखवा. मग घरात विचारा, यातला एक तरी तुकडा यंदा न जाळता राखता येईल का?