अदृश्य माणूस आणि अदृश्य प्रांत

१/१२
हिंदी चित्रपटांच्या उत्पन्नाचा हिशेब मांडताना देशाचे जे विभाग पाडले जातात, त्यांत आजही ‘सीपी बेरार’ हे नाव आढळते. प्रत्यक्षात सी. पी. अँड बेरार हा प्रांत १९५० मध्येच मध्यप्रदेश झाला आणि १९५६ मध्ये वऱ्हाडासह विदर्भ त्यातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. नकाशावरून प्रांत पुसला गेला, चित्रपटाच्या बाजारात मात्र तो राहिला. अमरावती आणि भुसावळ ही त्याच्या वितरणाची जुनी केंद्रे.

२/१२
या बाजाराचा इतिहास लिहिताना नामवंत चित्रपटांची नोंद होते. स्वस्तातल्या करामतपटांची होत नाही. त्यांतलाही सर्वांत उपेक्षित प्रकार म्हणजे अदृश्य माणसाचे चित्रपट. थोडे भय, पुष्कळ हसू, एक प्रयोगशाळा, एक रंगीत रसायन आणि तुटपुंजा पैसा. हा प्रकार हसण्यावारी नेणे ही इतिहासलेखनातली चूक आहे. का, ते पाहू.

३/१२
मूळ कथा इंग्रजी. एच. जी. वेल्स यांची ‘द इन्व्हिजिबल मॅन’ ही कादंबरी १८९७ ची. तिच्यातला ग्रिफिन हा शास्त्रज्ञ स्वतःवरच प्रयोग करतो, अदृश्य होतो आणि अखेरीस दहशतीचे राज्य आणण्याची भाषा करू लागतो. गंमत अशी की या भयकथेतही विनोद भरपूर आहे. कपडे घातले तर माणूस दिसतो, न घातले तर थंडीने कुडकुडतो. अदृश्यतेचे सामर्थ्य असे पहिल्यापासूनच हास्यास्पद होते.

४/१२
१९३३ मध्ये जेम्स व्हेल यांनी हॉलिवूडमध्ये त्यावर चित्रपट काढला. नटाला काळ्या मखमलीत गुंडाळायचे, मागेही काळी मखमल लावायची आणि चित्रीकरण करायचे. शरीर काळोखात विरते, कपडे तेवढे उरतात. मग ते चित्र दुसऱ्या चित्रावर बसवायचे. हे तंत्र वेळखाऊ होते, आणि त्यामागे मोठ्या स्टुडिओची यंत्रसामग्री उभी होती.

५/१२
अवघ्या चार वर्षांनी, १९३७ मध्ये, विजय भट्ट यांनी त्याच कल्पनेवर ‘ख्वाब की दुनिया’ केला. तशी यंत्रसामग्री येथे नव्हती. बाबूभाई मिस्त्री नावाच्या तरुण कारागिराने साध्या काळ्या धाग्यावर काम भागवले. काळ्या पडद्यापुढे काळा धागा कॅमेऱ्याला दिसत नाही. त्याला बांधलेली वस्तू मात्र हवेत तरंगते, आणि ती कोणा अदृश्य माणसाने उचलली आहे असे वाटते. या करामतीमुळे बाबूभाईंना ‘काला धागा’ हेच टोपणनाव पडले. पुढे १९६१ चा ‘संपूर्ण रामायण’ त्यांनीच दिग्दर्शित केला.

६/१२
म्हणजे भारतीय पडद्यावरच्या चमत्कारांचा एक पाया या स्वस्त चित्रपटांनी घातला. दादासाहेब फाळक्यांनी मूकपटांत ज्या युक्त्या योजल्या, त्यांची परंपरा ज्यांनी चालू ठेवली ते बहुधा पौराणिकपट, मारधाडपट आणि करामतपट यांतले कारागीर होते. प्रतिष्ठित सामाजिक चित्रपटांना अशा युक्त्यांची गरजच नव्हती. पैशाच्या टंचाईने येथे कल्पकता शिकवली, आणि ती शिकवणी ज्या चित्रपटांत झाली त्यांनाच इतिहासाने दाराबाहेर उभे केले.

७/१२
यानंतरची साखळी वऱ्हाडाच्या शेजारी येते. अकोल्याहून अकोटमार्गे, धूळघाटची वळणे घेत जी मीटरगेज गाडी जात असे, ती खांडव्याला पोहोचे. खांडवाही त्याच जुन्या प्रांतातले. तेथील गांगुली वकिलांच्या दोन मुलांनी पडद्यावर अदृश्य होण्याचा मान मिळवला. थोरले अशोक कुमार १९५७ मध्ये नानाभाई भट्ट यांच्या ‘मिस्टर एक्स’मध्ये, तर धाकटे किशोर कुमार १९६४ मध्ये शांतिलाल सोनी यांच्या ‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’मध्ये. १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’त अशोक कुमार पुन्हा आले, या वेळी नायकाला अदृश्यतेच्या यंत्राकडे नेणारे वृद्ध प्राध्यापक म्हणून. तीस वर्षांत अदृश्य माणूस शास्त्राचा वारसा पुढच्या पिढीला देणारा झाला.

८/१२
या तिन्ही चित्रपटांत एक बदल सारखा आहे आणि तो महत्त्वाचा आहे. वेल्सच्या कथेत शोध लावणारा आणि अदृश्य होणारा एकच असतो, आणि वेडही त्यालाच लागते. येथे शास्त्रज्ञ बाजूला सरकतो. ‘मिस्टर एक्स’मध्ये रसायन जाते प्रयोगशाळेतल्या मदतनिसाच्या पोटात. ‘मिस्टर इंडिया’त यंत्र मिळते ते अनाथ मुलांना सांभाळणाऱ्या, घरभाडे थकलेल्या अरुणला. अदृश्यता बुद्धिमंताच्या हातून सामान्य माणसाच्या हाती आली.

९/१२
हा बदल नुसता बाळबोधपणा म्हणून सोडून देता येत नाही. पाश्चात्त्य परंपरेत, प्लेटोने सांगितलेल्या गायजीसच्या अंगठीपासून, प्रश्न असा विचारला जातो: कोणीच पाहत नसेल तर माणूस नीतीने वागेल का? आपल्या करामतपटांनी प्रश्न उलटा केला: ज्याच्याकडे एरवीही कोणी पाहत नाही, त्याच्या हाती हे सामर्थ्य आले तर? ‘मिस्टर इंडिया’तला नायक तांदळात खडे मिसळणाऱ्याला तेच खडे खायला लावतो. रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या प्रेक्षकाला हा विनोद समजावून सांगावा लागत नव्हता. मराठीत हेच काम विज्ञानाऐवजी भुताने केले. १९८२ च्या ‘एक डाव भुताचा’मध्ये साध्या मास्तरांच्या मदतीला धावते ते इतरांना न दिसणारे भूतच.

१०/१२
आक्षेप रास्त आहेत. कल्पना उसनी होती, मूळ लेखकाचे ऋण क्वचितच मान्य केले जाई, कथा विस्कळीत असत. पण इतिहास म्हणजे गुणवत्तायादी नव्हे. किल्ल्याबरोबर चुन्याची घाणीही पाहावी लागते, बखरीबरोबर बाजारभावाचा कागदही वाचावा लागतो. एखाद्या काळातले लोक कशाला घाबरत आणि कशाला हसत, हे कधी कधी श्रेष्ठ कलाकृतीपेक्षा सामान्य चित्रपट अधिक मोकळेपणाने सांगतो.

११/१२
उपेक्षेची किंमत काय असते, हे मूकपटांनी दाखवले आहे. भारतात तेराशेहून अधिक मूकपट निघाले. त्यांतले जेमतेम तीसच्या आसपास उरले, तेही अनेक तुटक स्वरूपात. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर बहुतेक ठेवा गेला होता. त्या फिती कोणा शत्रूने जाळल्या नाहीत. ‘यात जपण्यासारखे काय आहे?’ या एका प्रश्नाने त्यांचा घात केला. करामतपटांबद्दल आज तोच प्रश्न विचारला जातो.

१२/१२
अमरावती-अकोल्याच्या तरुण इतिहासप्रेमींना येथे खरे काम आहे. शिलालेखांचे ठसे घेणाऱ्या हातांनी जुन्या एकपडदा चित्रपटगृहांची हँडबिले, भिंतीवरची पोस्टरे, वितरकांच्या कचेऱ्यांतली रोजच्या उत्पन्नाची पत्रकेही गोळा करावीत. ज्या ऑपरेटरांनी आणि डोअरकीपरांनी आयुष्य या थिएटरांत काढले, त्यांच्या आठवणी तारीखवार नोंदवून घ्याव्यात. कोणता चित्रपट किती आठवडे चालला, जत्रेच्या तंबूत कोणता लागला, प्रेक्षक कोठे हसले, याची उत्तरे मुंबईच्या ग्रंथांत सापडणार नाहीत. ती वऱ्हाडातल्या वृद्धांकडे आहेत, आणि ती विचारायला उरलेला वेळ फार नाही.