फडापलीकडची वाट

बीड जिल्ह्यातील लाखो ऊसतोड मजूर दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत फडात राबायचे. या घरांतल्या मुलांना दहावीनंतर लवकर हाताशी येणारी वाट म्हणजे आयटीआय. वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, फिटर आणि इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा. फिटरचा विद्यार्थी सुरुवातीला व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा पकडून कानस चालवतो, गुण्या लावून उजेडाकडे धरतो. फट दिसली की पुन्हा घासतो. हात बसतो तो इथेच. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यामुळे कारखान्यात विद्यावेतनावर काम शिकता येते.

खरी अडचण राहण्याची आहे. प्रवेश पावसाळ्यात होतात आणि दिवाळीला आई-वडील गाव सोडतात. मुलगा कसाबसा मागे राहतो. मुलीला मात्र एकटी ठेवायची भीती वाटते, आणि कित्येकींची लग्ने त्यामुळेच लवकर उरकली जातात. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी राज्याने संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृह योजना आणली आहे. तिच्यातील खोल्या हंगामाआधी, आणि आयटीआयच्या मुलींनाही, मिळायलाच हव्यात.