नव्या पतंगाची परीक्षा

पौष लागला कीं आमच्या नगर जिल्ह्यांत पतंग दिसूं लागतात. कोपरगांवाच्या शेजारचें येवलें नाशिक जिल्ह्यांत मोडतें खरें, परंतु तेथील भोगी, संक्रांत आणि करिदिन या तीन दिवसांचा पतंगोत्सव व हलगीचा आवाज यांचा संसर्ग आमच्याकडेहि पोंचला आहेच. नगर शहरास २०२४ सालीं अहिल्यानगर हें नांव मिळालें. गच्च्या मात्र त्याच राहिल्या आणि त्यांवरील आरडाओरडहि तोच राहिला.

यंदा आमच्या घरीं पतंगाची चर्चा झाली ती निराळ्या कारणानें. आमच्या धाकट्या बंधूंचा नातू नोकरीनिमित्त गोव्यांत असतो. पायांखालीं फळी घेऊन मोठ्या पतंगाच्या ओढीनें समुद्रावरून धांवण्याचा एक खेळ तेथें खेळतात. तो तो शिकला आहे. आतां त्यानें स्वतःचा नवा पतंग घेतला आणि पहिल्यानें उडविण्यापूर्वीं घरीं कळविलें. त्याच्या मातोश्रींचा धोशा एकच : "मामंजी, तुमचें तो ऐकतो. तुम्हींच त्याला नको म्हणून लिहा." जन्मभर मुलांस कारण विचारण्याची संवय लावल्यावर कारणावांचून नकार देणें आम्हांस जड जातें. म्हणून आधीं या खेळाची माहिती करून घेतली.

पतंगाकडून ओझें ओढवून घेण्याची कल्पना नवी नाहीं. आणि सांगावयास आनंद वाटतो कीं, तिचा एक मोठा पुरस्कर्ता आमच्याच धंद्यांतला होता. इंग्लंडांतील ब्रिस्टल येथील जॉर्ज पोकॉक या शाळामास्तरानें १८२६ सालीं पतंगांनीं ओढावयाच्या गाडीचें पेटंट घेतलें. गाडीस घोडा नसल्यामुळें नाक्यावर तिला कर पडत नसे, असें सांगतात. याच मास्तरानें आपली मुलगी मार्था हिला खुर्चींत बसवून पतंगाच्या जोरावर आकाशांत चढविलें. ती सुखरूप उतरली, आणि पुढें प्रसिद्ध क्रिकेटपटु डब्ल्यू. जी. ग्रेस यांची आई झाली. ही कथा ऐकून आमची सून म्हणाली, "त्या मुलीच्या आईला कोणीं विचारलें होतें का?" आम्ही विषय बदलला. १९०३ सालीं सॅम्युएल कोडी हा पतंगाने ओढलेल्या नावेंतून इंग्लिश खाडी पार करून गेला. परंतु पाण्यांत पडलेला पतंग पुन्हां उठवावयाचा कसा, ही अडचण होतीच. १९८४ सालीं फ्रान्समधील ब्रुनो व डॉमिनिक लगेन्यू या बंधूंनीं हवा भरलेल्या नळीचा पतंग काढला. तो तरंगतो, आणि म्हणून पाण्यावरूनच परत उडवितां येतो.

आतां परीक्षेची गोष्ट. आमच्याकडे नवा पतंग आणला कीं उभी कामटी डोक्यावर घांसून जरा वाकवितात, मग कन्नी बांधतात. कन्नीचा वरचा पदर किंचित् आंखूड ठेवावा लागतो. तो चुकला तर पतंग एक तर वारा धरीत नाहीं, नाहीं तर नुसता गरगरतो. मग कन्नीस धरून टांगून पाहावयाचा. एकीकडे कलला तर दुसरीकडे कागदाची चिंधी लावावयाची. समुद्रावरील पतंग आकारानें आपल्या खोलीएवढा असला तरी परीक्षा तत्त्वतः हीच. त्यास वीस-पंचवीस मीटर लांबीच्या बहुधा चार दोऱ्या असतात. मधल्या दोन ओढ सोसतात, बाजूच्या दोन दिशा देतात, आणि चारी एका आडव्या दांडीस जोडलेल्या असतात. एक दोरी दुसरीवरून गेली तर डावीकडे वळवावयास जातां पतंग उजवीकडे झेंपावेल. म्हणून दोऱ्या वाळूवर पसरून एकेक बोटांमधून काढीत चालत जावें, आणि मगच सोबत्यास पतंग धरावयास सांगावें.

दुसरी गोष्ट गणिताची. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर ओढ दुप्पट होत नाहीं, चौपट होते. शिवाय पतंग डोक्यावर असतां ओढ थोडी, आणि वाऱ्याच्या दिशेनें समोर खालीं आला कीं सर्वांत अधिक. गच्चीवरील पोरांसहि हें ठाऊक असतें. फक्त तेथें बोट कापतें, येथें माणूस उचलला जातो. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर पतंग काढूंच नये, कारण कांहीं बिघडलें तर तोच वारा माणसास खोल पाण्यांत नेतो. सुप्याजवळच्या डोंगरावरील पवनचक्क्या पाहा : त्या उघड्या माथ्यावर आहेत, आडोशास नाहींत. घरांच्या व झाडांच्या मागें वारा तुटक होतो, आणि तुटक वाऱ्यांत नव्या पतंगाचा स्वभाव कळत नाहीं.

तेव्हां आम्हीं नको असें लिहिलें नाहीं. लिहिलें तें असें : पहिल्या दिवशीं हलका वारा, जाणता सोबती, आणि ताण एकदम सोडून देणारी कळ पाण्यांत शिरण्यापूर्वीं वाळूवर दोन वेळां चालवून पाहणें. गुरुग्रंथसाहेबांत नामदेवांचें एक पद आहे. त्यांतला पतंग उडविणारा मुलगा चारचौघांशीं बोलतो, परंतु चित्त दोरींत ठेवतो. तेंहि लिहिलें. सून दोन दिवस आमच्याशीं मोजकेंच बोलली.

परंतु तिची भीति चुकीच्या पतंगावर बसली होती. त्याच आठवड्यांत आमच्याच वाड्यांतील एका लहान्याच्या आसारीवर नायलॉनचा मांजा निघाला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१७ सालीं देशभर त्यावर बंदी घातली आहे. तरी तो मिळतो, आणि सुशिक्षित घरांतील मुलें तो आणतात. सुती दोरा ताणला तर तुटतो. हा तुटत नाहीं. रस्त्यावर आडवा आलेला हा धागा दुचाकीवरील माणसाचा गळा चिरतो, आणि झाडांत अडकलेला धागा पुढें कित्येक महिने पांखरें धरीत राहतो. समुद्रावर खेळणारा स्वतःच्या जिवाची जोखीम स्वतः घेतो; गच्चीवरचा हा वीर ती अनोळखी वाटसरूच्या माथीं मारतो, आणि त्याची आई निश्चिंतपणें खालीं तिळगूळ वळीत असते.

आम्हीं तो मांजा जाळूं दिला नाहीं, कारण त्याचा धूर वाईट. तसाच केरांत टाकूंहि दिला नाहीं. मुलास समोर बसवून त्याच्याच हातानें वीतभर तुकडे करविले. दुपार गेली. संध्याकाळीं सुती दोऱ्याचें नवें रीळ आणावयास आम्हींच त्यास पैसे दिले.