‘जन्मजात’ म्हणून मिटविलेली प्रकरणे

ब्रह्मपुरीपासून भामरागडपर्यंत कोणत्याही गावात मूल वर्षाचे होऊनही मान धरीत नाही, पाय ताठ राहतात, तेव्हा निवाडा ठरलेला असतो. आजी म्हणते, आईने ग्रहणात काही चिरले असेल. शिकलेसवरलेले सुइणीला बोल लावतात. कागदावर ‘जन्मजात’ हा शब्द पडतो आणि प्रकरण मिटते. निवाडे तीन; परंतु तिन्हींतून शासन मात्र निर्दोष सुटते!

सुइणीवरील आरोपाला वैद्यकाचाच आधार होता. सेरेब्रल पाल्सीचे मूळ लंडनच्या डॉ. लिटल यांनी १८६१ साली अवघड बाळंतपणात शोधले. १८९७ मध्ये फ्रॉइड यांनी (मनोविश्लेषणाचे जनक, तेच) उलट शंका घेतली: गर्भातच आधी बिघाड झाला म्हणून बाळंतपण अवघड गेले असेल तर? पुढील संशोधन बरेचसे याच बाजूला झुकले. प्रसूतीत गुदमरणे हे एक कारण आहेच. पण अपुऱ्या दिवसांचा जन्म, कमी वजन, जुळी, गर्भारपणातील जंतुसंसर्ग यांचा वाटा मोठा आहे. काही मुलांत जनुकीय दोषही आढळतो.

जनुकाचे नाव निघताच नोकरशाहीला हायसे वाटते. आनुवंशिकतेपुढे इलाज काय! या जंगलपट्ट्यातील सिकलसेलच याचे उत्तर आहे. सिकलसेल म्हणजे सेरेब्रल पाल्सी नव्हे. परंतु सिकलसेलग्रस्त गर्भवतीचे मूल अपुऱ्या दिवसांचे व हलक्या वजनाचे होण्याचा धोका वाढतो. दोष रक्तातला असला, तरी तपासणी, पोषण आणि वेळेवर रक्त देणे कोणाच्या हाती आहे?

डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतील ६५० स्त्रिया तपासल्या. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि आधी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के होत्या. हे १९८९ साली प्रसिद्ध झाले. याच जिल्ह्यातील ३९ गावांत गावच्याच बायांना शिकवून ‘सर्च’ने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटविले, हे १९९९ साली जगापुढे आले. म्हणजे अडाणीपणाचा बहाणा तेव्हाच संपला.

अकाली कळा सुरू झालेल्या स्त्रीला मॅग्नेशियम सल्फेट दिल्यास मुलातील या विकाराचा धोका कमी होतो. औषध स्वस्त आहे. मात्र ती वेळेत रुग्णालयात पोहोचली पाहिजे. सूरजागडचे लोहखनिज वाहण्यासाठी वाट निघते, आणि दुर्गम पाड्यांतील गर्भवतीला खाटेवर घालून नाले ओलांडावे लागतात. पर्लकोटेला पूर येण्याआधी कोणत्या गावची कोणती गर्भवती कोठे हलविणार, ती यादी जिल्हा परिषदेने दरवर्षी मे महिन्यातच ग्रामसभेपुढे ठेवावी.